मृत्युपत्र न करणाऱ्याचेही मृत्युपत्र असते

“आमचं आहेच काय एवढं? एक फ्लॅट, थोड्या ठेवी, गावाकडे दीड एकर. मृत्युपत्र करायला आम्ही काय कारखानदार आहोत?” हे उत्तर आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येते की त्यातली चूक कुणाला जाणवतही नाही. मृत्युपत्र न करणाऱ्याचेही मृत्युपत्र असतेच. ते संसदेने १९५६ साली लिहून ठेवले आहे आणि त्याचे नाव हिंदू उत्तराधिकार कायदा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सर्वांना तो लागू आहे. ज्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही त्याच्या मालमत्तेची वाटणी या कायद्याप्रमाणे होते, आणि मजकूर सगळ्यांना एकच असतो. थोरल्या मुलीने तुमच्या आजारपणात नोकरी सोडली, धाकट्याने घराचे हप्ते भरले, एका मुलाला जन्मापासून आधाराची गरज आहे, यातले काहीही कायद्याला ठाऊक नसते. तो नाते पाहतो आणि अपूर्णांक काढतो.

हे अपूर्णांक घरात शिरले की काय होते, ते एका साध्या हिशेबातून पाहू. समजा, डोंबिवलीत साठ लाखांचा फ्लॅट आहे. नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्याच्या एकट्याच्या नावावर. घरात तो, बायको, दोन मुले आणि त्याची आई. नवरा अचानक जातो. नवऱ्याचे ते बायकोचे, असे सगळे धरून चालतात. कायदा तसे धरत नाही. पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. या सगळ्यांना सारखा वाटा. चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे पंधरा लाख. आई घरातलीच, त्यामुळे तेव्हा कुणाला काही खटकत नाही.

दोन-तीन वर्षांनी आईही जाते आणि तिनेही काही लिहून ठेवलेले नसते. आता तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे जायचा. तिला आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. तिच्या पंधरा लाखांचे तीन वाटे होतात: पाच लाख गेलेल्या मुलाच्या दोन मुलांना मिळून, पाच लाख दुसऱ्या मुलाला, पाच लाख मुलीला. सुनेला यातले काही मिळत नाही, कारण सासूच्या वारसांत सून नाही. तर ज्या घरात ही बाई वीस वर्षे संसार करते आहे, त्यात तिचा हिस्सा पाव आणि तिचे दीर व नणंद बाराव्या-बाराव्या हिश्श्याचे सहमालक. फ्लॅट विकायचा, त्यावर कर्ज काढायचे, सोसायटीचा पुनर्विकास आला तर करार करायचा, प्रत्येक वेळी त्यांच्या सह्या हव्यात. मुले अज्ञान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी वेगळी. दीर भला माणूस असेल तर सही करील. पण उद्या तो गेला की त्याच्या जागी त्याची बायको-मुले येतात, आणि सह्यांची यादी वाढते.

या गोष्टीत कुणी लबाड नाही. कुणी कुणाला फसवले नाही. तरी घर अडकले. नवऱ्याने एका पानावर “हा फ्लॅट माझ्या पश्चात माझ्या पत्नीचा, माझ्या आईला मात्र त्यात हयातभर राहण्याचा हक्क” एवढे रीतसर लिहून ठेवले असते तर यातले काही झाले नसते. आईचीही सोय राहिली असती आणि बायकोचीही. भाऊबंदकीची सुरुवात वाईट माणसांमुळे होते असे आपण समजतो. माझ्या मते ती बहुतेक वेळा कोऱ्या कागदामुळे होते.

कायद्याच्या यादीत कोण नाही हेही पाहण्यासारखे आहे. पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत आई आहे, वडील नाहीत. अविवाहित मुलगा गेला आणि आईवडील दोघे हयात असतील तर सगळे आईला जाते. वडिलांचा क्रम दुसऱ्या वर्गात लागतो. सावत्र मुलगा, म्हणजे बायकोचा पहिल्या लग्नाचा मुलगा, लहानपणापासून याच घरात वाढला, यालाच बाबा म्हणत आला, तरी दत्तक घेतलेला नसेल तर वारस नाही. लग्नाशिवाय वीस वर्षे एकत्र राहिलेली जोडीदार वारस नाही. आजीचे हगणे-मुतणे काढणारी भाची वारस नाही. ज्यांनी आपले केले त्यांची नावे कायद्याला माहीत नसतात. ती आपणच लिहावी लागतात.

सर्वांत कठोर भाग स्त्रियांच्या वाट्याला आला आहे. स्वतःच्या कमाईची मालमत्ता असलेली हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर पहिला हक्क मुलगे, मुली आणि नवऱ्याचा. हे कुणी नसतील तर दुसरा क्रम नवऱ्याच्या वारसांचा. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरता अपवाद आहे, ती अपत्य नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण जे तिने स्वतः मिळवले ते सासरी जाते.

ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा निकाल वाचताना मला दरवेळी राग येतो. १९५५ साली लग्न झालेली एक मुलगी, तीन महिन्यांत नवरा गेला आणि सासरने तिला घराबाहेर काढले. माहेरी परत आली, आईवडिलांनी शिकवले, तिने नोकरी केली, आयुष्यभर बचत केली. १९९६ साली ती गेली तेव्हा बँकेतल्या रकमा, भविष्य निर्वाह निधी, बरेच काही मागे होते आणि मृत्युपत्र नव्हते. दावा करायला एकीकडे तिचे माहेर आले, दुसरीकडे नवऱ्याच्या बहिणीची मुले. ज्या घराने चाळीस वर्षे तिची विचारपूसही केली नाही त्या घराच्या बाजूने निकाल लागला. न्यायालयाला प्रसंगाची तीव्रता कळत होती, पण कायद्याचा मजकूर स्पष्ट असताना केवळ सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असे त्याने म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच तरतुदीसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः नवरा-मुले नसलेल्या हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला असे आवाहन करावे लागते, यातच सगळे आले. नोकरी करणारी अविवाहित, विधवा, घटस्फोटित, निपुत्रिक, कुठल्याही स्थितीतली स्त्री असो, तिने तरी हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नये. दागिने, पीएफ, फ्लॅटमधला अर्धा हिस्सा हे सगळे तिचेच आहे आणि ते कुणाला जावे हे सांगण्याचा हक्कही तिचाच आहे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे “मी सगळीकडे नॉमिनी लावलाय.” नॉमिनी लावलाच पाहिजे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेने किंवा कंपनीने पैसे कुणाच्या हाती दिले की तिची जबाबदारी संपते, तो माणूस म्हणजे नॉमिनी. त्याने ते पैसे खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितले होते. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत मात्र गोंधळ होता; मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालात नॉमिनीच मालक ठरला होता. हा प्रश्न शेवटी ज्या खटल्यात सुटला तो मराठी घराला परिचित नावाशी जोडलेला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ साली मृत्युपत्र केले होते, २०१३ साली ते गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर ज्यांचे नामनिर्देशन होते त्यांचा हक्क मोठा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: कंपनी कायद्याखालचे नामनिर्देशन वारसा हक्काला मागे सारत नाही. मृत्युपत्र केलेले असूनही नामनिर्देशनावरून दहा वर्षांचा वाद होऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे. दोन्हींत एकच नाव असावे, आणि वेगळे नाव लावायचेच असेल तर त्याचे कारण मृत्युपत्रात लिहावे.

विम्यापुरती २०१५ ची दुरुस्ती आईवडील, पती-पत्नी आणि मुलांना लाभार्थी नॉमिनी मानते, पण तिचा नेमका अर्थ काय यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. भविष्य निर्वाह निधीत आणखी एक मेख आहे. लग्नाआधी, कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरते. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागताना लिहिलेले आईचे नाव चाळिसाव्या वर्षीही तसेच असलेले किती तरी लोक असतील. बँकांमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. घर कुणाचे हे त्यावरून ठरत नाही. भागप्रमाणपत्रावर नाव चढले की घर आपले झाले, अशी समजूत करून बसलेल्या माणसाला हे फार उशिरा कळते.

आणि जिथे नॉमिनीही नाही, मृत्युपत्रही नाही, कागद कुठे आहेत हेही कुणाला ठाऊक नाही, तिथे पैसा तसाच पडून राहतो. दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. मार्च २०२४ अखेर ही रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. ती बुडीत नसते, वारसांना मागता येते आणि शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टलही आहे. पण त्यासाठी आधी आपल्या माणसाचे खाते होते हे तरी माहीत असायला हवे.

आता गावाकडच्या दीड एकराकडे वळू. महाराष्ट्रातला बहुतेक वारसावाद तिथेच पेटतो. एखादा जुना सातबारा हातात घेऊन बघा. वर पणजोबांचे नाव, त्यांना जाऊन चाळीस वर्षे झालेली. त्याखाली काही वारसांची नावे आहेत, काहींची नाहीत. त्यातले निम्मे आज हयात नाहीत. एक नाव “एकुमॅ” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेले, आणि त्याच्या मुलांना वाटते जमीन फक्त त्यांचीच. खातेदार गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ क मध्ये नोंद व्हायची, मंडळ अधिकाऱ्याने ती तपासायची, मग फेरफार होऊन नावे सातबाऱ्यावर चढायची, अशी पद्धत आहे. ती इतक्या ठिकाणी राहून गेली की २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे एवढेच तिचे काम.

वारस नोंद लागली म्हणजे वाटणी झाली असे नाही, आणि नोंद लागली नाही म्हणजे हक्क गेला असेही नाही. सातबारा हा महसुली दप्तरातला कागद आहे. एका भावाने स्वतःचेच नाव लावून घेतले तरी बहिणीचा हक्क त्याने पुसला जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देण्याची दुरुस्ती महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षे आधी, १९९४ साली केली. तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली मात्र तिच्यातून सुटल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी तो जात नाही.

त्यामुळे हक्कसोडपत्राबद्दल बोलायलाच हवे. वडिलांचे दिवस-कार्य उरकले की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींना नेऊन सह्या घेणे आपल्याकडे रीत म्हणून चालते. ज्या बहिणीला खरोखर नको आहे तिने सोडावे, तिचा तो अधिकारच आहे. पण माहेर तुटेल या धाकाने केलेली सही मला कधीच पटलेली नाही. हा पेच सोडवण्याची जबाबदारी भावाबहिणींवर टाकून जाण्यापेक्षा वडिलांनी हयातीतच उरकावी. माझी स्वकष्टार्जित जमीन, माझा वाट्याचा हिस्सा, त्यात मुलीला काय आणि मुलाला काय, आणि का, हे त्यांनी लिहावे आणि दोघांना समोर बसवून सांगावे. आईने किंवा वडिलांनी सांगितलेला असमान वाटाही मुले पचवतात. न सांगितलेला समान वाटाही त्यांना संशयास्पद वाटतो.

काही जण मृत्युपत्राऐवजी हयातीतच सगळे मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकतात. जवळच्या नात्यात महाराष्ट्रात राहत्या घराच्या किंवा शेतजमिनीच्या बक्षीसपत्राचे मुद्रांक शुल्क नाममात्र असल्याने हा मोह होतो. जेवायचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, असे आपले जुने लोक सांगत. बक्षीसपत्र त्याच दिवशी मालकी देते. मृत्युपत्र आपण गेल्यावर लागू होते आणि तोवर हवे तितक्यांदा बदलता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मिळवण्याची सोय आहे. पण उतारवयात मुलाविरुद्ध प्राधिकरणासमोर उभे राहण्याची वेळ कुणावर येऊ नये. राहते घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवावे, हा माझा ठाम सल्ला आहे.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, भाषा मराठी चालते, हस्ताक्षर स्वतःचे असले तरी चालते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या ६३ व्या कलमाने घातलेली अट एवढीच: करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समोर आपली सही करायची. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचण्याची गरज नाही, त्यांनी सही होताना पाहिलेली असली पाहिजे. पुढे वाद झाला तर त्यांपैकी एकाला तरी न्यायालयात येऊन तसे सांगावे लागते, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडणारे असावेत. ज्यांना मालमत्ता मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. प्रत्येक पानावर सही असावी, खाडाखोड नसावी. वय झाले असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. चित्रफीत करून ठेवली तर ती आधाराला येते, पण साक्षीदारांच्या सह्यांची जागा घेत नाही.

खरे कौशल्य मजकुरात लागते. “माझी सर्व मालमत्ता मुलांनी सामंजस्याने वाटून घ्यावी” हे वाक्य मायेने लिहिलेले असते आणि तेच पुढे घात करते. फ्लॅटचा क्रमांक, सोसायटीचे नाव, भागप्रमाणपत्राचा क्रमांक. जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. बँकेची शाखा आणि खाते क्रमांक. दागिने कुणाला कोणते, हे सगळे नेमके लिहावे. शेवटी एक वाक्य हवेच: यात उल्लेख राहून गेलेली आणि पुढे मिळणारी मालमत्ता कुणाला. ज्याला द्यायचे तो आपल्या आधी गेला तर ते कुणाकडे, हेही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आपला जेवढा हिस्सा तेवढाच आपल्याला देता येतो. भावाच्या वाट्याची जमीन मुलाच्या नावे लिहून ठेवणाऱ्या मृत्युपत्राने फक्त नवा दावा उभा राहतो. आणि एखाद्या मुलाला काही द्यायचे नसेल तर त्याचे नाव गाळू नये. नाव घेऊन, कारण देऊन लिहावे. जवळच्या वारसाला कारणाशिवाय वगळलेले दिसले की न्यायालय त्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस म्हणजे एक्झिक्युटर त्यातच नेमावा. तो नेमला नाही तर कागदपत्रांची धावपळ कुणी करायची इथपासून वाद सुरू होतो. मुंबई शहरात अशा मृत्युपत्रावर उच्च न्यायालयाचे प्रोबेट घेण्याची सक्ती होती; डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम वगळले. सक्ती गेली, तरी कुणी हरकत घेतली तर मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावे लागतेच. मृत्युपत्र नसेल तर ठेवी आणि शेअरसाठी न्यायालयातून उत्तराधिकार दाखला आणायचा, आणि वारस कोण हे ठरवणारे वारस प्रमाणपत्र आपल्याकडे आजही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळते. तारखा, जाहीर नोटीस, सगळ्या वारसांची संमती या वाटेने जाणारे कुटुंब मध्यंतरी घर कशावर चालवते, याचा विचार करावा. कर हा मात्र आपल्याकडे चिंतेचा विषय नाही. १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ साली रद्द झाला आणि वारशाने मिळाल्याबद्दल आज कर नाही. मालमत्ता पुढे विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागतो.

धर्म आणि प्रदेशानुसार नियम बदलतात. मुस्लिम व्यक्तीला इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचे आधीचे मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे: लग्नानंतर मालमत्ता सहसा पती-पत्नीची सामाईक, आणि मुले असतील तर आपल्या वाट्यातला निम्माच भाग मृत्युपत्राने देता येतो, उरलेला निम्मा मुलांचाच. मुलाला पूर्ण बेदखल करणे तिथे जवळपास अशक्य आहे. मुंबईत नोकरी केलेल्या गोवेकराने पुण्यातल्या मित्राच्या मृत्युपत्राची नक्कल करून भागत नाही ते यामुळे. अमेरिकेत किंवा आखातात घर-ठेवी असलेल्यांनी दोन्ही देशांसाठी वेगळी मृत्युपत्रे करावीत. मात्र “याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द” हे नेहमीचे वाक्य दुसऱ्यात तसेच उतरवले तर पहिले रद्द होऊन बसते; तिथे “या देशातील मालमत्तेपुरती” हे शब्द हवेत.

ज्या घरात बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आहे तिथे हा सगळा विषय वेगळ्याच निकडीचा होतो. “आमच्यानंतर याचे कोण?” हा प्रश्न त्या आईबापांना रोज झोपू देत नाही. अशा मुलाच्या नावे थेट फ्लॅट किंवा ठेव लिहून ठेवली तर ती वापरायची कुणी, हा प्रश्न राहतो. त्याऐवजी मृत्युपत्रातूनच किंवा हयातीत खासगी विश्वस्त निधी म्हणजे ट्रस्ट करता येतो: पैसा विश्वस्तांकडे, खर्च फक्त त्या मुलाच्या औषधोपचार, राहणे, देखभाल यांवर, आणि त्याच्या पश्चात उरलेले कुणाला तेही ठरलेले. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत; राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. विश्वस्त एकच भाऊ किंवा बहीण नसावी, दोघे-तिघे असावेत आणि त्यांत निदान एक तरुण असावा. लहान, धडधाकट मुले असलेल्या जोडप्यानेही दोघेही एकदम गेलो तर मुलांचा पालक कोण, हे मृत्युपत्रात लिहावे. काका की मावशी, हे न्यायालयापेक्षा आईवडिलांना चांगले कळते.

मालमत्तेइतकेच शेवटच्या आजारपणाबद्दलही सांगून ठेवता येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ बेशुद्धावस्थेत होत्या. त्यांच्यासंबंधीच्या २०११ च्या निकालातून ही चर्चा देशात सुरू झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय सूचनापत्र मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवावे की नाही, हा निर्णय अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलीवर टाकण्यापेक्षा आपण लिहून ठेवला तर ती आयुष्यभराच्या टोचणीतून सुटते.

एकदा लिहिले म्हणजे कायमचे झाले असेही नाही. घर विकले, नवे घेतले, नातू झाला, घटस्फोट झाला, साक्षीदार किंवा एक्झिक्युटर गेला, की कागद पुन्हा काढावा. सगळ्यांत शेवटचे रीतसर मृत्युपत्र खरे धरले जाते, म्हणून तारीख विसरू नये आणि जुनी प्रत फाडून टाकावी. मूळ प्रत केवळ आपल्या एकट्याच्या नावच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नये. तो लॉकर उघडायला वारसांना कागद लागतील आणि कागद लॉकरमध्ये असेल. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण खर्च किरकोळ आहे आणि मूळ प्रत हरवली तरी नक्कल मिळते. बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. मजकूर मुलांना आधीच कळेल या भीतीने नोंदणी टाळणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल हयातीत फक्त ते करणाऱ्याला किंवा त्याने नेमलेल्या मुखत्यारालाच मिळते. इतरांना ती मिळते मृत्यूचा दाखला दाखवल्यावर.